घोड्याच्या दाढेला कानस

लग्नसराईत नागपुरात वरातीची घोडी मान झटकते, लगाम चावते. लोक म्हणतात, बँडला बुजली. कधी कधी दुखणं दाढेत असतं! घोड्याचे दात वर्षाला 2 ते 3 मिलिमीटर हिरडीबाहेर सरकतात आणि चारा चावताना तेवढेच झिजतात. पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद. म्हणून वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्यांची जिभेकडची कड झिजायची राहते. तिला धार येते, गाल सोलवटतो. मग अर्धवट चघळलेले गवताचे ओले बोळे गव्हाणीत पडतात, लिदीत चंदीचे अख्खे दाणे दिसतात. पशुवैद्य गुंगीचं इंजेक्शन देऊन लांब दांड्याच्या कानशीने धार घासतात. नागपुरातच सेमिनरी हिल्सला 1958 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घोडीवाल्यांनी हंगामाआधीच तिथे विचारावं.