डब्लिनचे सार्वजनिक घर

‘पब’ या शब्दाला मराठीत प्रतिशब्द काय द्यावा? ‘गुत्ता’ म्हटले की गल्लीच्या टोकाचा मिणमिणता दिवा डोळ्यांसमोर येतो आणि ‘मद्यालय’ म्हटले की सरकारी परिपत्रक आठवते. मूळ शब्द ‘पब्लिक हाउस’, म्हणजे अक्षरशः सार्वजनिक घर. शब्द मोठा सुरेख आहे. प्रश्न एवढाच, की या ‘सार्वजनिक’मध्ये कोण कोण मोडते? उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता चार दिवस आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिनमध्ये होतो. तेथे या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही.

डब्लिन हे पायी हिंडण्याचे गाव. मधून लिफी नदी वाहते आणि पाहण्यासारखे पुष्कळसे तिच्या दोन्ही काठांना हाकेच्या अंतरावर आहे. आरंभ केला ट्रिनिटी कॉलेजपासून. राणी पहिल्या एलिझाबेथच्या सनदेने १५९२ साली ते स्थापन झाले. इ. स. ८०० च्या सुमारास वासराच्या कातड्यावर लिहिलेली ‘बुक ऑफ केल्स’ ही ख्रिस्ती शुभवर्तमानांची सचित्र पोथी येथे काचेआड जपली आहे. एकेका अक्षराभोवती मठवासीयांनी अशी काही वेलबुट्टी गुंफली आहे, की अक्षर कोठे संपले आणि वेल कोठे सुरू झाली ते समजू नये! मात्र या ज्ञानमंदिरात विद्यार्थिनींना प्रवेश मिळाला तो १९०४ साली. उंबरठा ओलांडायला तीनशे बारा वर्षे लागली.

तेथून ग्राफ्टन रस्त्याने चालत गेले की सेंट स्टीफन्स ग्रीन हा विस्तीर्ण बाग लागतो. एके काळी त्याच्या कुंपणाआत फक्त आसपासच्या श्रीमंत रहिवाशांना फिरता येई. १८८० साली तो सर्वांना खुला झाला, तो प्रसिद्ध गिनेस घराण्यातील एका उमरावाच्या पुढाकाराने. याच घराण्याचे मूळपुरुष आर्थर गिनेस यांनी १७५९ साली दारूभट्टीची जागा तब्बल नऊ हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली होती, तीही वर्षाला पंचेचाळीस पौंडांनी. आमचे ‘हे’ पट्ट्याचा आकडा ऐकून म्हणाले, “आपल्या घरमालकाला हे सांगू नकोस!”

याच बागेत कॉन्स्टन्स मार्कीविच या बाईंचा अर्धपुतळा आहे. १९१६ च्या ईस्टर बंडात त्या येथे हातात शस्त्र घेऊन लढल्या. १९१८ साली त्या ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या, पण लंडनच्या त्या सभागृहात त्यांनी पाऊल ठेवले नाही.

नदीवरचा ‘हेपेनी’ पूल १८१६ चा. पलीकडे जायला अर्धा पेनी पडे, म्हणून हे नाव. पुलापलीकडे थोड्याच अंतरावर जनरल पोस्ट ऑफिसची भव्य इमारत आहे. २४ एप्रिल १९१६ रोजी तिच्यासमोर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. त्याच महिन्यात इकडे बेळगावात लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली, आणि ‘होमरूल’ हा शब्द मुळी आयर्लंडचाच! त्या जाहीरनाम्याचे संबोधन आयरिश पुरुषांना आणि आयरिश स्त्रियांना, दोघांनाही होते.

संध्याकाळी आम्ही एका जुन्या पबमध्ये शिरलो. धूर नावाला नव्हता. २००४ पासून आयर्लंडमध्ये पबात धूम्रपानाला बंदी आहे. कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवती पाचसहा वादक बसले होते. व्यासपीठ नाही, माईक नाही. फिडल, बासरी आणि आपल्या डफाची आठवण करून देणारे बोढ्रान, असा मेळ जमला होता. फिडलवाली जेमतेम विशीतली पोर.

आमचे ‘हे’ निर्व्यसनी. त्यांनी संत्र्याचा रस मागितला आणि मी काळ्या स्टाउटचा एक पाइंट. तो ओतणे हाही एक सोहळा असतो. पाऊण ग्लास भरायचा, फेस खाली बसेपर्यंत थांबायचे, मग उरलेला भरायचा. तरुण वेटरने दोन्ही ग्लास आणले आणि सहजगत्या पाइंट यांच्यापुढे, रस माझ्यापुढे ठेवला! आम्ही हसलो, तोही कानकोंडा होऊन हसला आणि ग्लासांची अदलाबदल झाली.

शेजारचे वृद्ध गृहस्थ हे पाहत होते. त्यांनी दाराजवळची लाकडी खोली दाखवली. तिला ‘स्नग’ म्हणतात. माणसाच्या उंचीचे तावदान, आतून कडी आणि पेला देण्यापुरती खिडकी. “माझी आई कधी आली तर तिथं बसायची,” ते म्हणाले, “बाहेर वडील.” पुष्कळ पबांत बाईला बाहेर बसू देत नसत, बसू दिले तरी अर्धाच ग्लास, पुरा पाइंट नाही. असा भेद कायद्याने बंद झाला तो २००० साली!

स्टाउट कडू होती, करपवलेल्या कॉफीसारखी. मी ती सावकाश संपवली.

घरी परतल्यावर सासूबाईंना सांगावे की नाही, याचा विमानात खल झाला. शेवटी सांगितले. दारूबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. चौकशी केली ती त्या लाकडी खोलीची. मग म्हणाल्या, “गिरगावात इराण्याकडे फॅमिली रूम असायची, तशीच की गं! मामंजी नसले की हे मला तिथे न्यायचे. पडद्यामागे चहा, बनमस्का. बाहेर माणसं काय हसायची! कशाला हसतात, ते कधी कळलंच नाही.”