रबराचा पापुद्रा आणि प्रतिकृतीचा रंग

कठीण प्लास्टिकचे तुकडे जुळवून विमानें व मोटारी यांच्या लहान प्रतिकृति करण्याचा छंद आमच्या शाळेंतील बऱ्याच विद्यार्थ्यांस आहे. तुकडे जोडणें फारसें अवघड नाहीं. खरी कसोटी लागते ती रंग देतांना. दोन रंगांमधील हद्द सरळ असेल तर कागदी चिकटपट्टीनें काम भागतें. परंतु १९४० सालच्या स्पिटफायर विमानाचें उदाहरण घ्या. त्याच्या पाठीवर मातकट तपकिरी व गर्द हिरवा असे दोन रंग नागमोडी वळणांनीं एकमेकांत शिरलेले असत. तेथें पट्टी चालत नाहीं; द्रवरूप झांकण लागतें.

हा द्रव म्हणजे बहुधा रबराचा चीक. केरळांत रबराच्या झाडांस खांचा पाडून जो पांढरा चीक काढतात, तो गोठूं नये म्हणून त्यांत अमोनिया घालतात. बाटली उघडतांच नाकास झोंबतो तो वास त्याचाच. सुकल्यावर चिकाचा लवचिक पापुद्रा बनतो. त्यावरून दुसरा रंग द्यावा व पापुद्रा सोलावा, कीं खालचा रंग जसाच्या तसा दिसूं लागतो.

निदान असें आम्हीं वाचलें होतें! गेल्या प्रदर्शनासाठीं आम्हीं तिघांनीं स्पिटफायर केलें. तपकिरी रंगावर चीक लावला, हिरवा रंग दिला, आणि परीक्षा आल्यामुळें विमान तीन आठवडे तसेंच ठेविलें. पुढें सोलूं लागलों तों पापुद्रा तुकड्यातुकड्यांनीं निघाला, आणि त्याच्याबरोबर तपकिरी रंगही. उजव्या पंखावर राखाडी प्लास्टिक उघडें पडलें. डाग भिंतीकडे करून विमान मांडावें लागलें.

चूक एक नव्हती. सांच्यांतून निघालेल्या तुकड्यांवर तेलकटपणा राहतो. ते साबणाच्या पाण्यानें धुऊन पुरते वाळवावयास हवे होते. त्याशिवाय रंग धरीत नाहीं. खालचा रंगही एका रात्रींत पक्का होत नाहीं, हें आमच्या उतावळेपणास कोण सांगणार? शिवाय चीक आम्हीं फार पातळ लाविला. पापुद्रा जाड असला तरच तो सलग निघतो. आणि मुख्य म्हणजे वरचा रंग बोटास लागेनासा होतांच, तो कडक होण्यापूर्वीं, झांकण काढावयाचें. दिवस जातात तसतसा चीक खालच्या रंगास अधिक घट्ट धरतो. कडेवर रंगाचा थर जाड झाला असल्यास धारदार पात्यानें ती रेघ हलकेच कापून घ्यावी.

पाण्यांत मिसळणाऱ्या कांहीं रंगांस अमोनिया मानवत नाहीं. त्यांच्यासाठीं अमोनियाविरहित द्रव मिळतो. कुंचला प्रथम साबणाच्या पाण्यांत भिजवावा, नाहीं तर चीक केसांत गोठून तो कायमचा जातो. आमचे दोन गेले. आतां आम्ही जुनाच कुंचला वापरतों, आणि बारीक जागीं दांतकोरणें.

तें डागाळलेलें विमान अजून कपाटांत आहे. नवी बाटली आणली कीं पहिला थेंब त्याच्या उजव्या पंखावर पडतो.