17 इंची अलॉय मागणाऱ्या गिऱ्हाईकाला काय विकायचं?



"टायरचं दुकान टाकायचंय, सोबत अलॉय ठेवू का?" हा प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. ठेवा, पण माप शिकल्याशिवाय ठेवू नका. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून या वेळी सगळं लिहून देतोय. वही घेऊन बसा.

आधी एक गोष्ट पक्की करू. पोर्श घेऊन येणाऱ्या गिऱ्हाईकाच्या भरवशावर सोलापुरात दुकानाचं भाडं निघत नाही. आपली स्पोर्ट्स कार म्हणजे पोलो जीटी टीएसआय, आय20 एन लाइन, बलेनो आरएस. पोलो तर आपल्या पुण्याजवळच्या चाकणला बनायची. 2022 मध्ये ती बंद झाली. आता सेकंडहँड जीटी घेणारी पोरं दुकानात येतात, आणि गाडी हातात आली की त्यांना पहिल्यांदा अलॉयच बदलायचे असतात.

माझी चूक

दुकानाचं पहिलंच वर्ष होतं. एक जण अशीच पोलो घेऊन आला. "मालक, 17 इंची टाका, एकदम पातळ टायर पाहिजे." त्याच्या गाडीला 195/55 आर16 होते. मी 205/40 आर17 बसवून दिले. बिल मोठं झालं, फोटो काढले, दोघंही खूश.

तीन आठवड्यांनी तो परत आला. गावाकडे जाताना एका खड्ड्यात चाक आदळलेलं. पुढची रिम वाकलेली, टायरच्या साइडवॉलला फुगा आलेला. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मालक, असं होणार हे तुम्हाला माहीत होतं का?"

खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. आणि तेच जास्त लाजिरवाणं होतं. त्या रात्री मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

टायरचं गणित

195/55 आर16 म्हणजे काय? टायरची रुंदी 195 मिलिमीटर. साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या 55 टक्के, म्हणजे 107 मिलिमीटर. आणि रिम 16 इंची. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. पूर्ण टायरची उंची काढायची तर रिम अधिक दोन साइडवॉल, म्हणजे जवळपास 621 मिलिमीटर.

आता मी बसवलेला 205/40 आर17 बघा. साइडवॉल फक्त 82 मिलिमीटर. खड्ड्याचा दणका झेलणारं रबर 25 मिलिमीटरने कमी झालं. पूर्ण उंची 596, म्हणजे मूळपेक्षा 4 टक्के कमी. गाडी खाली बसली आणि स्पीडोमीटर चुकला. काटा 100 दाखवणार तेव्हा गाडी खरी 96 ने पळणार.

त्याला 17 इंचीच हवं होतं तर 205/45 आर17 द्यायला हवा होता. त्याची उंची 616, फरक एक टक्क्याच्या आत. तरीही साइडवॉल 92 च राहते, म्हणजे मूळपेक्षा 15 मिलिमीटर कमी. हे गिऱ्हाईकाला आधी सांगायचं, नंतर नाही.

मापापुढचा आकडा आणि अक्षरही वाचा. 87व्ही मधला 87 म्हणजे एक टायर 545 किलो वजन पेलतो, आणि व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंतचा वेग. 205/45 आर17 साध्या प्रकारात 84 चा येतो, म्हणजे 500 किलो. एक्स्ट्रा लोड प्रकारात, ज्यावर एक्सएल लिहिलेलं असतं, तो 88 चा येतो, म्हणजे 560 किलो. कंपनीने 87 दिला असेल तर 84 चा बसवायचा नाही. स्वस्त पडतो म्हणून गिऱ्हाईक मागेल, तरी नाही.

रिमची चार मापं

1. पीसीडी: बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्ट, बलेनोला 4×100. पोलोला 5×100. क्रेटाला 5×114.3.

2. सेंटर बोअर: मधलं भोक. पोलोच्या हबचं माप 57.1 मिलिमीटर. बाजारातल्या अलॉयचं भोक बहुतेक मोठं असतं. मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर चाक नीट मध्यावर बसत नाही, बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरतं आणि गिऱ्हाईक तुमच्या मशीनला नावं ठेवतो.

3. ऑफसेट: रिमवर ईटी लिहून पुढे आकडा असतो. तो मूळपेक्षा फार कमी झाला तर चाक बाहेर येतं, फेंडरला घासतं आणि बेअरिंगवर ताण येतो. फार वाढला तर आतून सस्पेन्शनला लागतं.

4. रिमची रुंदी: प्रत्येक टायरला ठराविक रुंदीचीच रिम चालते. टायर कंपनीच्या तक्त्यात ती दिलेली असते. तक्ता प्रिंट काढून काउंटरवर चिकटवा.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, ती म्हणजे बोल्ट. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बसायची जागा गोल असते. बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूच्या आकाराची लागते. जुनेच बोल्ट आवळले तर वरून घट्ट वाटतात, पण आत पूर्ण टेकत नाहीत आणि हायवेवर सैल होऊ शकतात. नवीन अलॉयसोबत योग्य बोल्टचा सेट द्या आणि त्याचे पैसे बिलात वेगळे दाखवा. पोलोला 120 न्यूटन मीटरवर टॉर्क रेंचने आवळा. इम्पॅक्ट गनवर सोडून देऊ नका. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर परत बोलावून तपासा, फुकट.

सोलापूरचं ऊन आणि टायरची तारीख

मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो. रस्ता त्याहून तापलेला असतो. त्यात हवा कमी असलेला टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना भरायला सांगा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. पण ते मूळ मापासाठी. माप बदललं तर टायर कंपनीच्या तक्त्यावरून प्रेशर काढून गिऱ्हाईकाला लिहून द्या.

टायरवर चार आकडे असतात. 2325 म्हणजे 2025 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. गिऱ्हाईकाला स्वतः वाचायला लावा. ज्या दुकानात तारीख दाखवतात तिथे माणूस परत येतो. टायरवर आयएसआय मार्क आहे का तेही दाखवा. आणि नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर टायर बदलायचाच, हे कारसाठी कायद्याने ठरलेलं आहे.

कायद्याचं निघालंच आहे तर हेही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठासून सांगितलं. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेलं माप हा सगळ्यात सुरक्षित सल्ला. फेंडरच्या बाहेर येणारं चाक बसवूच नका.

स्टॉक किती ठेवायचा?

इथे नवीन माणूस बुडतो. साधा हिशोब करा. तीन पीसीडी, प्रत्येकात तीन साइज, प्रत्येकात चार डिझाइन म्हणजे 36 सेट. एका सेटला चार, म्हणजे 144 चाकं. तुमचं सगळं भांडवल भिंतीवर लटकलेलं! डिझाइनची फॅशन गेली की ते तिथेच राहणार.

22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. ज्यांच्याकडे जुना माल पडून होता त्यांना किंमत उतरवावी लागली. भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, पण पैसा अडकतोच. म्हणून टायर चालत्या मापाचे ठेवा, अलॉय दाखवायला दोन-तीन सेट ठेवा आणि बाकी अॅडव्हान्स घेऊन मागवा. रोजचा गल्ला अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि पंक्चरवर चालतो.

नकार दिला तर गिऱ्हाईक जातं का?

जातं. गेल्या वर्षी एक पोरगा ऑनलाइन घेतलेले 17 इंची अलॉय आणि 205/40 टायर घेऊन आला. "मालक, फक्त बसवून द्या." मी म्हणालो, "या मापाचे टायर मी बसवणार नाही. अलॉयसुद्धा हब रिंग आणि बरोबर बोल्ट आल्याशिवाय नाही." तो चिडून गेला. चार दिवसांनी परत आला. 205/45 एक्सएल टायर माझ्याकडून घेतले, रिंगा आणि बोल्टही मागवले. पण त्याच्यासारखेच आणखी दोघं आले होते, ते परत आले नाहीत. कुठेतरी बसवून घेतलं असेल. असा तोटा होतो, तो धरूनच महिन्याचा हिशोब मांडा.

म्हणून अलॉय विकण्याआधी चार प्रश्न विचारा. गाडी रोज कुठे चालते? गावाकडे जाता का? पाच जण बसतात का? मूळ टायरचं माप काय? उत्तरं जॉबकार्डवर लिहा आणि खाली सही घ्या. काय सांगून विकलं याची नोंद राहते, आणि विचारण्याच्या निमित्ताने आपल्यालाही माप काढावंच लागतं.

पहिल्या वर्षी माझ्याकडे असं कार्ड असतं, तर त्या माणसाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असतं. उद्या सकाळी आपल्याच गाडीच्या टायरवरचे आकडे वाचून वहीत लिहा. तिथून सुरुवात करा.