डब्याचा रंग कोणता? – पुराव्याला प्रश्न कसा विचारायचा

मागच्या दिवाळीत मामाने मला विचारलं, "तू पीएचडी करतोस ना? मग सांग, १९३० सालच्या डेक्कन क्वीनचा रंग कोणता होता?"

मामा निवृत्त झाल्यापासून घरी रेल्वेची मॉडेल्स बनवतो. एचओ स्केलमध्ये, म्हणजे मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी. डबे कापून, चिकटवून तयार होते, पण रंगावर गाडी अडली होती. त्याच्याकडे एक जुना कृष्णधवल फोटो होता. त्यात डबे फिकट आणि त्यावर गडद रेघा. "फिकट म्हणजे चंदेरी, गडद म्हणजे लाल. झालं!" मामा म्हणाला. मलाही ते पटलं. आणि तिथेच आम्ही दोघं फसलो.

आधी लेखी माहिती बघू. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर सुरू झाली. तेव्हा ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची गाडी होती. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडमध्ये बनल्या, वरचा सांगाडा माटुंगा वर्कशॉपमध्ये. आणि महत्त्वाचं म्हणजे सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक चंदेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा रॉयल ब्लू, त्यावर सोनेरी रेघा. म्हणजे मामाचा प्रश्नच थोडा चुकला होता. "गाडीचा रंग कोणता" असं नाही, "या फोटोतला रेक कोणता" असं विचारायला हवं होतं. संशोधनात अर्धा वेळ प्रश्न दुरुस्त करण्यातच जातो, याची सवय आत्तापासूनच करून घ्या.

आता फोटोकडे वळू. त्या काळात दोन प्रकारच्या फिल्म वापरात होत्या. पँक्रोमॅटिक फिल्म सगळ्या रंगांचा प्रकाश टिपते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला मात्र लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे लाल वस्तू काळपट येते. उलट निळा रंग आपल्या डोळ्याला दिसतो त्यापेक्षा बराच फिका येतो. पिवळा, सोनेरी रंग गडद होतो. आता विचार करा: चंदेरी डब्यावर लाल पट्टी काढली तर फोटोत काय दिसेल? फिकट डबा, गडद रेघ. आणि निळ्या डब्यावर सोनेरी रेघ? तीही फिकट डबा, गडद रेघ अशी दिसू शकते! फिल्म कोणती होती हे कळल्याशिवाय तो फोटो रंगाबद्दल साक्ष देऊ शकत नाही. फोटो खोटं बोलत नव्हता. आम्हीच त्याला नको तो प्रश्न विचारत होतो.

मग फोटोला काय विचारायचं? डब्याचा आकार, खिडक्यांची संख्या, पट्टी खिडकीच्या वर आहे की खाली, अक्षरं कुठे लिहिलीत. याची उत्तरं तो चोख देतो.

अक्षरं तर फार कामाची. जीआयपी आणि इतर काही रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली ती ५ नोव्हेंबर १९५१ रोजी. त्यामुळे डब्यावर मध्य रेल्वेचं नाव दिसलं तर तो फोटो त्या तारखेच्या आधीचा असूच शकत नाही. पण उलट निष्कर्ष काढू नका! जुनं नाव दिसलं म्हणून फोटो १९५१च्या आधीचाच, असं ठरत नाही. नाव बदललं म्हणून सगळे डबे एका रात्रीत रंगवून होत नाहीत. अलीकडच्या डब्यांच्या क्रमांकात पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष सांगतात, पण तेही रंगाचं वर्ष नाही. डबा ठरावीक काळाने मोठ्या दुरुस्तीला वर्कशॉपमध्ये जातो. ती तारीख डब्याच्या टोकाकडच्या भिंतीवर लिहिलेली असते. डबा कधी रंगवला हे शोधताना ती जास्त जवळची.

राहिली छटा. "रॉयल ब्लू" हे नाव आहे, माप नाही. दोन पेंटर तेच नाव ऐकून दोन वेगळे निळे कालवतील. म्हणून तर भारतीय मानक 'आयएस ५' सारख्या तक्त्यांत प्रत्येक छटेला क्रमांक दिलेला असतो. "जुन्या डब्यावरचा रंग खरवडून बघू" असं वाटेल, पण जुनं व्हार्निश पिवळं पडतं आणि त्याखालचा निळा हिरवट दिसतो. शिवाय अस्सल छटा मिळाली तरी छोट्या मॉडेलवर, घरातल्या दिव्याखाली ती जास्त गडद वाटते. म्हणून बरेच मॉडेलवाले मुद्दाम किंचित फिका रंग लावतात.

तुमचा विषय रेल्वे नसेल, पण यातलं एक काम तुम्हाला उद्यापासून करता येईल. वहीत तीन रकाने आखा: पाहिलेलं, त्यावरून काढलेलं, आणि नुसतं धरून चाललेलं. "डबा फिकट दिसतो" हे पहिल्यात जाईल. "म्हणून चंदेरी" हे दुसऱ्यात लिहायचा मोह होतो, पण फिल्म माहीत नसेल तर त्याची जागा तिसऱ्यात आहे. व्हायवात गाइड आणि परीक्षक नेमकं तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवतात. ते आपण आधीच ठेवलेलं बरं.

मामाने शेवटी निळा रेक केला. फोटोचा आधार फक्त खिडक्या आणि रेघांच्या जागांपुरता घेतला. मॉडेलच्या लाकडी पाटाखाली बारीक अक्षरात लिहिलंय: "रंग लेखी वर्णनावरून. छटा अंदाजाने."

माझ्या प्रबंधातल्या कितीतरी वाक्यांखाली असं लिहायचं राहून गेलं होतं. सध्या तेच करतोय.