प्रोलॅक्टिन मोजलं का?

पडद्यावर एमआरआयचा छेद आहे, चेहऱ्याला समांतर घेतलेला. मधोमध, जिथे वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असायला हवी, तिथे साडेतीन सेंटिमीटरची गाठ आहे. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात भरणारी ही बैठक. एंडोक्रिनॉलॉजिस्ट, न्यूरोसर्जन, नाक-कान-घशाचे सर्जन, रेडिएशनवाले, सगळे एका खोलीत. मला मागच्या बाकावर बसायची परवानगी मिळालेली.

रेडिओलॉजिस्ट बाई आधी गाठीकडे बघतच नाहीत. त्या डावीकडची दोन काळी वर्तुळं शोधतात. ती कॅरॉटिड धमनी. वळण घेत वर जाते म्हणून एकाच छेदात दोनदा दिसते. दोन्ही वर्तुळांच्या आतल्या कडांना एक रेषा, मध्यांतून दुसरी, बाहेरच्या कडांना तिसरी. गाठ तिसरी रेषा ओलांडून गेली आहे. “डावीकडे नॉस्प तीन,” बाई सांगतात. व्हिएन्नाच्या एंगेलबर्ट नॉस्प यांनी १९९३ साली मांडलेली ही प्रतवारी शून्यापासून चारपर्यंत जाते. चार म्हणजे गाठीने धमनीला पूर्ण वेढलंय.

या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात, हे सांगितल्यावर रुग्णाचा जीव भांड्यात पडतो. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना कॅव्हर्नस सायनस नावाच्या शिरांच्या जागा आहेत. मेंदूला रक्त पुरवणारी धमनी आणि डोळे हलवणाऱ्या नसा तिथूनच जातात. गाठ तिथे घुसली की सगळी काढता येईल याची खात्री उरत नाही.

ही गाठ चाळिशीतल्या एका रिक्षाचालकाची. रिक्षा दोन्ही बाजूंनी घासायला लागली म्हणून त्यांनी आधी चष्म्याचा नंबर बदलून घेतला. पुढे नजरेच्या क्षेत्राची चाचणी झाली, तेव्हा दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे अर्धे भाग काळे निघाले. दोन्ही डोळ्यांच्या नसा पिट्युटरीच्या बरोब्बर वर एकत्र येतात. वाढती गाठ खालून दाबते आणि समोरचं दिसत राहतं, बाजूचं जातं.

ओपीडीत निवासी डॉक्टरने त्यांच्या पत्नीला म्हटलं, “ताई, हे जुने कागद खालून झेरॉक्स करून आणता का?” त्या गेल्यावर खुर्ची पुढे ओढून विचारलं, “काका, संबंधांची इच्छा कधीपासून कमी झालीय?” बराच वेळ गेला. मग उत्तर आलं, “चार-पाच वर्षं झाली असतील.” बाईची पाळी थांबली की तपासणी लवकर होते. पुरुष इच्छा कमी झाल्याचं कुणाला सांगत नाही, म्हणून त्याची गाठ सापडते तेव्हा बहुधा मोठी झालेली असते.

बाहेरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती. पिट्युटरीतून पाझरणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा आकडा होता १४०, म्हणजे वाढलेला, पण फार नाही. कुठलीही मोठी गाठ ग्रंथीचा देठ दाबते, मेंदूकडून येणाऱ्या डोपामिनचा लगाम सुटतो आणि प्रोलॅक्टिन इतपत वाढू शकतं. तेव्हा गाठ स्वतः प्रोलॅक्टिन बनवत नाही असं समजून ऑपरेशन करायचं, असं तर्काला पटत होतं. विभागप्रमुखांना मात्र एवढी गाठ आणि एवढासा आकडा यांचा मेळ लागेना. “नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा लावा,” त्या म्हणाल्या.

या चाचणीत प्रोलॅक्टिनच्या रेणूला दोन बाजूंनी दोन प्रतिपिंडं धरतात आणि दोन्हीकडून धरलेला रेणूच मोजला जातो. प्रोलॅक्टिन बेसुमार असलं, तर प्रतिपिंडं वेगवेगळ्या रेणूंवर खर्ची पडतात. दोन्हीकडून धरलेले थोडेच उरतात आणि आकडा खोटाच कमी येतो. पातळ केलेल्या नमुन्यातून आकडा आला नऊ हजारांच्या वर. म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ, प्रोलॅक्टिनोमा, आणि त्यावर पहिला इलाज गोळी. कॅबरगोलिन, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. ऑपरेशन रद्द झालं. एकच सूचना बजावून सांगितली गेली. नाकातून पाण्यासारखं पातळ काही गळायला लागलं तर त्याच दिवशी यायचं. गाठीने कवटीच्या तळाचं हाड पोखरलेलं असतं. ती आक्रसली की तिने बुजवलेलं भोक उघडं पडू शकतं.

सगळ्यांचं गोळीवर भागत नाही. बोटातली अंगठी कापून काढावी लागलेल्या, चपलेचं माप वाढत गेलेल्या एका मावशींना ॲक्रोमेगॅली होती, म्हणजे पिट्युटरीची गाठ वाढीचं संप्रेरक जास्त बनवत होती. त्यांचं ऑपरेशन मी पाहिलं. नाकावाटे पिट्युटरीपर्यंत जायची वाट हर्मन श्लोफर यांनी १९०७ साली इन्सब्रुकमध्ये पहिल्यांदा वापरली. आज तिथूनच दुर्बीण जाते. आधी नाक-कान-घशाचे सर्जन वाट मोकळी करतात, मग न्यूरोसर्जन हाड कोरतात. धमनी जवळ आली की सूक्ष्म डॉप्लर टेकवतात आणि रक्ताचा सपसप आवाज खोलीभर ऐकू येतो. मऊ, करडी गाठ खरवडून ओढून घेतली जाते. मधला भाग निघाला, डोळ्यांच्या नसांवरचा ताण गेला. डावीकडे धमनीला लगटून एक तुकडा दिसत होता. सर्जनांनी दोनदा कोन बदलून पाहिलं आणि म्हणाले, “इथंच थांबू या.” हात चालत असताना, गाठ डोळ्यांसमोर असताना थांबणं, हे त्या दिवशी पाहिलेल्या सगळ्या कामांत मला सर्वांत अवघड वाटलं. त्या तुकड्यासाठी महिन्यातून एकदा इंजेक्शन, आणि गरज पडली तर गामा नाइफचं रेडिएशन.

रात्री वॉर्डात सिस्टर दर तासाला लघवी मोजून तक्त्यावर लिहीत होत्या. पाणी धरून ठेवणारं संप्रेरक बिघडलं तर पहिली खूण तिथेच दिसते. आठवडाभराने सोडियम पुन्हा तपासायचं असतं, कारण घरी गेल्यावर ते घसरू शकतं. त्या दिवसांतली मळमळ आणि ग्लानी लोक थकव्यावर ढकलतात. तसं करू नये.

तुमच्या घरात कुणाच्या एमआरआयवर पिट्युटरीची मोठी गाठ दिसली असेल आणि ऑपरेशनची तारीखही मिळाली असेल, तर डॉक्टरांना संकोच न करता विचारा: प्रोलॅक्टिन मोजलं का, आणि नमुना पातळ करून मोजलं का?