घाटाखालचे पुराण, घाटावरचे बायबल

लोंढा जंक्शनवरून रेल्वेचे दोन रस्ते फुटतात. एक कॅसलरॉकमार्गे घाट उतरून गोव्यात, साष्टीच्या मडगावाकडे जातो. दुसरा खानापूर ओलांडून सुमारे ५० किलोमीटरवरच्या बेळगावात. हे रूळ पडले १८८० च्या दशकात. त्याच्या कितीतरी आधी या दोन्ही टोकांना ख्रिस्ती धर्मातला एक जुना तंटा मराठीत येऊन ठेपला होता: धर्माच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा, हातातल्या बायबलचा की ते जपणाऱ्या आणि समजावणाऱ्या चर्चचा? घाटाखाली कॅथलिकांनी एक उत्तर दिले, घाटावर प्रोटेस्टंटांनी दुसरे. गेल्या चारशे वर्षांचा हिशेब मांडला, तर मराठीत उतरताना दोघांनाही आपापल्या उत्तराला मुरड घालावी लागली असे दिसते.

तंट्याचे मूळ युरोपात. १५२१ मध्ये वर्म्सच्या राजसभेपुढे मार्टिन ल्यूथर यांनी सांगितले, की पोप आणि धर्मसभा चुकू शकतात. शास्त्राच्या आधाराने पटवून दिल्याखेरीज आपण आपले म्हणणे मागे घेणार नाही. पुढच्याच वर्षी त्यांचा जर्मन नवा करार छापून आला. रोमचे उत्तर ट्रेंटच्या धर्मसभेने ८ एप्रिल १५४६ रोजी दिले. सत्य लिखित ग्रंथांत आहे तसेच प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेतही आहे, आणि ग्रंथांचा खरा अर्थ ठरवण्याचा अधिकार चर्चचा आहे. ग्रंथांची यादीही याच सभेने पक्की केली. म्हणून कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आहेत आणि प्रोटेस्टंट बायबलात ६६. मधली सात जुन्या करारातली. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथसूचीने आणखी एक अट घातली. लोकभाषेतले बायबल वाचायचे, तर धर्माधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी.

या वादाची झळ स्वतः सोसलेला एक माणूस १५७९ मध्ये गोव्यात उतरला. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज कॅथलिक होते. एलिझाबेथ राणीच्या प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये कॅथलिकांना जगणे अवघड झाले होते. स्टीफन्स रोमला जाऊन जेझुइट या धर्मसंघात दाखल झाले आणि लिस्बनहून जहाजात बसले. पुढची चाळीस वर्षे त्यांनी बहुतांशी साष्टीत काढली.

त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर म्हणजे राचोल येथे छापले गेले. देवनागरी खिळे हाताशी नव्हते, म्हणून लिपी रोमन. भाषा मात्र मराठी आणि छंद ओवीचा. दोन भागांत मिळून जवळपास ११,००० ओव्या आहेत. जगाच्या उत्पत्तीपासून सुरू झालेली कथा येशूच्या जन्माला, मरणाला आणि पुनरुत्थानाला येऊन भिडते. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती पाद्रीबाबांना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? साऱ्या ग्रंथाची निकड या प्रश्नात आहे. पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली गेली होती, पोथ्या गेल्या होत्या, आणि उपासना लॅटिनमध्ये चालत होती.

क्रिस्तपुराण हा बायबलचा अनुवाद नव्हे. कथेत प्रश्नोत्तरे आहेत, उपदेश आहे, चर्चने लावलेला अर्थ आहे. ग्रंथ छापला गेला तोही इन्क्विझिशनची, धर्माधिकाऱ्यांची आणि जेझुइट वरिष्ठांची परवानगी घेऊन. ट्रेंटचा नियम अक्षरशः पाळला गेला होता. तरीही उपासनेनंतर चर्चमध्ये ओव्या म्हटल्या जात, तेव्हा आदाम, मोशे आणि दावीद राजा साष्टीच्या शेतकऱ्याला त्याच्या कानाला ओळखीच्या चालीत भेटत. इंग्लंडमध्ये किंग जेम्स बायबल निघून तेव्हा पाचच वर्षे झाली होती.

पुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. मग हवा पालटली. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावे, असा हुकूम दिला. १७५९ मध्ये जेझुइटांचीच हकालपट्टी झाली. तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी ग्रंथ जगवला, विशेषतः कानडा किनाऱ्यावर जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती घरांत.

घाटावर कथा उलट दिशेने घडली. तिथे आधी आले ते छापील बायबल. बंगालमधल्या श्रीरामपुरात विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने केलेला मराठी नवा करार १८११ मध्ये मोडी लिपीत निघाला. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, त्याच वर्षी तिथे बायबल सोसायटीची शाखाही स्थापन झाली. संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये तयार झाले. लंडनच्या मूळ सोसायटीचा बाणा होता, की टीप नको, भाष्य नको, नुसता मजकूर लोकांच्या हाती द्यायचा. कॅथलिक बायबलातली ती जादा सात पुस्तकेही छापायची नाहीत, हे तिने १८२६ मध्येच ठरवून टाकले होते.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० मध्ये जोसेफ टेलर यांनी सुरू केले. तिथल्या मिशन शाळेत शिकलेले बाबा पदमनजी मुळे हे बेळगावचेच. कासार घराण्यातला हा मुलगा पुढे मुंबईला गेला, परमहंस सभेत वावरला आणि १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. त्यांच्या ‘यमुनापर्यटन’ कादंबरीची कीर्ती मोठी आहे, पण या वादाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक बोलके आहे. त्यांनी नव्या करारावर मराठीत विस्तृत टीका लिहिली. बायबल स्वतःच स्वतःचा अर्थ सांगते, हे प्रोटेस्टंट तत्त्व. प्रत्यक्षात मराठी वाचकाला यरुशलेम कुठे, परूशी कोण, पौलाच्या पत्रातला युक्तिवाद कसा उलगडायचा, हे सांगणारा कोणीतरी हवाच होता. पाद्रीबाबांची जागा टीकाकाराने घेतली. फरक एवढाच, की टीकाकाराचे म्हणणे नाकारायची वाचकाला मुभा होती.

ती मुभा कुठवर, यावरून प्रोटेस्टंटांतच ठिणगी पडली. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नेहेमिया गोरे या नावाने ओळखले जाऊ लागले. आरंभी ते बायबलनिष्ठ गोटात होते. पुढे शंकांनी घेरले तेव्हा त्यांना आधार वाटला तो प्राचीन चर्चच्या परंपरेचा. अँग्लिकन चर्चमधल्या कॅथलिक वळणाच्या गटात ते पाद्री झाले. त्यांच्या लेखनाचा पंडिता रमाबाईंवर मोठा प्रभाव पडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे लवकरच पत्रोपत्री वाजू लागले. त्रैक्य, चर्चने ठरवलेली मतपत्रे, बिशपांचा अधिकार या सगळ्यांवर रमाबाई बायबलातला दाखला मागत. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीपुढे मान तुकवायला त्या तयार नव्हत्या. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल स्वतः मराठीत आणले. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच त्याचे खिळे जुळवले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले.

याच सुमारास एक अनपेक्षित गोष्ट घडली. लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात क्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित असल्याचे १९२३ मध्ये अभ्यासकांसमोर आणले ते जस्टिन अ‍ॅबट यांनी, आणि अ‍ॅबट होते अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे पक्के प्रोटेस्टंट. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून या पुराणाची देवनागरी आवृत्ती काढली.

रोमकडूनही पाऊल पुढे पडले. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १८ नोव्हेंबर १९६५ च्या दस्तऐवजात बायबल सर्व श्रद्धावंतांना सहज मिळाले पाहिजे, असे स्पष्ट सांगितले. १९६८ मध्ये व्हॅटिकन आणि बायबल सोसायट्या यांनी एकत्र भाषांतर करण्याचे नियम ठरवले. १९५३ मध्ये निर्माण झालेल्या बेळगाव धर्मप्रांतात मिस्सा ही मुख्य उपासना लॅटिनमधून निघून कोकणी, मराठी आणि कन्नडमध्ये आली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आले. एका कॅथलिक धर्मगुरूने केलेला हा अनुवाद सर्व धर्मांच्या मराठी वाचकांनी घेतला. २०२० च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

मतभेद मात्र जागच्या जागी आहे, आणि त्यासाठी जाडजूड ग्रंथ उघडावे लागत नाहीत. दहा आज्ञांपैकी मूर्ती करू नये ही बहुतेक प्रोटेस्टंटांची स्वतंत्र दुसरी आज्ञा. कॅथलिक तिला पहिलीतच धरतात. दोन नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबे कबरींवर मेणबत्त्या लावून मृतांसाठी प्रार्थना करतात, आणि तिला आधार दाखवतात तो मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा. प्रोटेस्टंट शेजारी आपल्या बायबलात ते पुस्तक शोधू लागला, तर त्याला सापडत नाही. सापडले असते तरी परंपरेचा पुरावा त्याने मानला नसता. आणि पुस्तक नसते तरी कॅथलिक माणसाने मृतांसाठीची प्रार्थना सोडली नसती.