पेनिसिलिन नेमकं कुणाला मारतं?

'अँटिबायोटिक गरम पडतं, जंतूंबरोबर शरीरालाही जाळतं' हा समज घरोघरी आहे. जखमेवर ओतायच्या जुन्या जंतुनाशकांबद्दल तो खराच होता. त्यांनी जंतूंआधी रक्तातल्या पांढऱ्या पेशीच मरतात, हे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा तपासताना पाहिलं होतं. 1928 मध्ये लंडनला त्यांच्या हाती लागलेल्या पेनिसिलिनने मात्र या पेशींना धक्का लागत नव्हता.

कारण रचनेत आहे. जिवाणूभोवती पेप्टिडोग्लायकनची भक्कम भिंत असते. आतला प्रचंड दाब तीच पेलते. जिवाणू वाढताना भिंतीचे नवे धागे एकमेकांना सांधावे लागतात. हे सांधकाम करणाऱ्या एन्झाइमला पेनिसिलिन जखडून टाकतं. भिंत कच्ची राहते आणि जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते. सल्फा औषधांची तऱ्हा निराळी: ती जिवाणूला फॉलिक आम्ल बनवू देत नाहीत. आपण ते बनवतच नाही, पालेभाज्या-डाळींतून मिळवतो.

सर्दी आणि फ्लूच्या विषाणूंना ना अशी भिंत, ना प्रथिनं बनवणारे स्वतःचे रायबोसोम. मग तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिन घेऊन ते मारा कशावर करणार?

याचा अर्थ अँटिबायोटिक पूर्ण निरुपद्रवी असतं, असाही नाही. आतड्यातले उपयोगी जिवाणूही त्यात मरतात आणि पोट बिघडतं. काही औषधं रायबोसोमवर काम करतात. आपले रायबोसोम जिवाणूंपेक्षा वेगळे असले, तरी आपल्याच पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियातले जिवाणूंच्या रायबोसोमशी बरेच मिळतेजुळते असतात. 1943 मध्ये सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने क्षयाचे असंख्य रुग्ण वाचवले, पण काहींची श्रवणशक्ती त्याने कायमची हिरावली. म्हणूनच अशा औषधांचा डोस डॉक्टर मोजूनमापून देतात. तो मेडिकलच्या काउंटरवर ठरवायचा नसतो.

'शरीराला सवय झाली, आता औषध लागू पडत नाही' हेही चूक. बदलतो तो जिवाणू. पेनिसिलिन मोडून टाकणारं एन्झाइम जिवाणूंत असल्याचं अर्न्स्ट चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी 1940 मध्येच दाखवलं होतं. ऑक्सफर्डमधल्या एका रुग्णाला त्यांच्या गटाने पेनिसिलिन टोचलं ते त्यानंतर, 1941 मध्ये. आज अमॉक्सिसिलिनच्या अनेक गोळ्यांत क्लॅव्युलॅनिक आम्ल घालतात, ते अशाच एन्झाइमना अडवण्यासाठी.